विश्लेषण : भारतातून दुचाकीने लंडन गाठणं दिवसेंदिवस अवघड का होत चाललं आहे?

मुंबईहून दुचाकीवर निघायचं, एकामागून एक देश ओलांडायचे आणि दोन-तीन महिन्यांनी लंडनच्या टॉवर ब्रिजसमोर गाडी उभी करून फोटो काढायचा. अशा प्रवासाचे रील्स आणि व्हिडिओ लाखो लोक पाहतात. त्याखाली ठरलेले प्रश्न येतात : खर्च किती आला, गाडी कोणती, सुट्टी कशी मिळाली? पण भारतातून निघणाऱ्या दुचाकीस्वारासमोरचा खरा प्रश्न याच्याही आधीचा आहे. देशाबाहेर पडायचं कुठून?

एप्रिल २०२५ मध्ये अटारी-वाघा सीमा बंद झाली. जूनमध्ये इराणवर हल्ले झाले. जुलैमध्ये नेपाळ-चीन सीमेवरचा पूल पुरात वाहून गेला. सप्टेंबरमध्ये नेपाळमध्ये सरकार कोसळलं आणि नोव्हेंबरमध्ये इराणने भारतीयांची व्हिसामाफी थांबवली. एकाच वर्षातल्या या पाच घटनांनी भारतातून जमिनीवरून पश्चिमेकडे जाणाऱ्या जवळपास प्रत्येक वाटेला धक्का दिला. त्यामुळे अशा प्रवासाच्या नियोजनात आता इंजिन, टायर आणि सामानाच्या पेट्या शेवटी येतात. सीमा, कागदपत्रं आणि तारखा आधी येतात.

पूर्वी लोक कसे जायचे?

१९२३ मध्ये मुंबईतले काही पारशी तरुण सायकलवरून जगप्रदक्षिणेला निघाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या तिघांनी ती पूर्ण केली आणि ते १९२८ मध्ये मुंबईत परतले. पश्चिमेकडे जाताना त्यांनी इराण आणि बगदादचा रस्ता धरला होता. तेव्हा मुंबई ते इराणची हद्द हा सगळा पट्टा ब्रिटिश अमलाखाली होता.

फाळणीनंतरही ही वाट अनेक वर्षं चालू राहिली. १५ एप्रिल १९५७ रोजी लंडनहून निघालेली 'इंडियामॅन' नावाची बस तुर्कस्तान, इराण आणि पाकिस्तानमार्गे ५ जूनला कोलकात्याला पोहोचली. एकेरी भाडं होतं ८५ पौंड. साठ-सत्तरच्या दशकात युरोपातले हजारो हिप्पी याच पट्ट्यातून भारतात आले.

१९७९ मध्ये दोन गोष्टी घडल्या. इराणमध्ये इस्लामी क्रांती झाली आणि वर्ष संपता संपता सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. तेव्हापासून हा मार्ग कधी उघडला, कधी बंद झाला, पण पूर्वीसारखा मोकळा कधीच राहिला नाही. आज या पट्ट्यातले रस्ते तेव्हापेक्षा कितीतरी चांगले आहेत. त्यावरून जाण्याची परवानगी मात्र तेव्हापेक्षा दुर्मीळ आहे.

आज भारतातून जमिनीवरून बाहेर पडायला किती वाटा आहेत?

नकाशावर भारताला लागून पाकिस्तान, चीन, नेपाळ, भूतान, बांगलादेश आणि म्यानमार हे देश दिसतात. दुचाकीस्वाराच्या दृष्टीने हिशेब वेगळा आहे.

*पाकिस्तान :* पहलगाममधल्या २२ एप्रिल २०२५ च्या हल्ल्यानंतर भारताने दुसऱ्याच दिवशी अटारीची चौकी बंद करण्याची घोषणा केली. पाकिस्ताननेही वाघा बंद केली. इराणकडे जाणारा सर्वांत सरळ रस्ता त्यामुळे पूर्णपणे तुटला. त्यात ऑक्टोबर २०२५ पासून पाकिस्तान-अफगाणिस्तान सीमेवरही चकमकी आणि नाकेबंदी सुरू झाली.

*म्यानमार :* मणिपूरमधलं मोरे आणि मिझोराममधलं झोखावथार हे नाके ८ ऑगस्ट २०१८ रोजी आंतरराष्ट्रीय प्रवाशांसाठी खुले झाले. भारतीय गाड्या त्याच्या आधीही खास परवानग्या काढून आणि वाटाड्या सोबत घेऊन या बाजूने थायलंडला जात होत्या. आता ही वाट रुळणार, असं वाटत असतानाच मार्च २०२०मध्ये कोविडमुळे सीमा बंद झाली. १ फेब्रुवारी २०२१ रोजी म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता हाती घेतली आणि गृहयुद्ध पेटलं. मे २०२३ पासून मणिपूरही हिंसाचाराने होरपळलं. फेब्रुवारी २०२४मध्ये केंद्र सरकारने १६४३ किलोमीटरच्या संपूर्ण भारत-म्यानमार सीमेवर कुंपण घालण्याचं जाहीर केलं. मोरे ते थायलंडमधलं माए सोत असा सुमारे १३६० किलोमीटरचा त्रिराष्ट्रीय महामार्ग कागदोपत्री अजूनही आहे, पण त्याचा बराचसा भाग युद्धक्षेत्रातून जातो.

*बांगलादेश आणि भूतान :* या दोन्ही देशांत जाता येतं, पण त्यांच्यातून पुढे जाता येत नाही. भूतानची उत्तरेकडची सीमा प्रवाशांसाठी बंद आहे. बांगलादेशाच्या पलीकडे पुन्हा म्यानमारच लागतो. बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ यांनी १५ जून २०१५ रोजी मोटार वाहन करार केला होता. खासगी गाड्यांनाही या चार देशांत सहज फिरता यावं, हा त्यामागचा हेतू होता. भूतानच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने तो फेटाळला आणि बाकीच्यांतही तो पूर्णपणे अमलात आला नाही.

*चीन :* भारत आणि चीन यांच्यात पर्यटकाने स्वतःची गाडी घेऊन ओलांडावा असा एकही नाका नाही. २०२५ मध्ये कैलास-मानसरोवर यात्रा पुन्हा सुरू झाली, पण ती सरकारी तुकड्यांमधूनच होते.

*नेपाळ :* उरला तो एवढाच. भारतीयांना इथे व्हिसा लागत नाही. सुनौली किंवा रक्सौलच्या नाक्यावर 'भन्सार' म्हणजे जकातीचं शुल्क भरून दुचाकी आत नेता येते.

थोडक्यात, दुचाकीने युरोप गाठू पाहणाऱ्यासाठी भारत जवळजवळ एखाद्या बेटासारखा झाला आहे. त्याला बाहेर जोडणारी जमिनीवरची एकच वाट शिल्लक आहे : नेपाळमधून तिबेट आणि तिथून चीन.

नेपाळ-चीन मार्ग खुला आहे, तर अडचण काय?

पहिली अडचण चीनच्या नियमांची. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना चीनमध्ये चालत नाही. परदेशी गाडी आत न्यायची तर तात्पुरती चिनी नंबरप्लेट आणि तात्पुरता चिनी परवाना घ्यावा लागतो. हे काम नोंदणीकृत प्रवासी कंपनीमार्फतच होतं. मार्ग आणि मुक्काम आधी कळवावे लागतात आणि पूर्ण प्रवासात सरकारमान्य गाइड सोबत ठेवावा लागतो. तिबेटसाठी वेगळा परवाना लागतो. नेपाळमार्गे तिबेटमध्ये शिरणाऱ्या परदेशी पर्यटकांसाठी काठमांडूतून गट व्हिसा घेण्याची पद्धत आहे.

या सगळ्याचा खर्च दुचाकीच्या किमतीपेक्षाही जास्त होऊ शकतो. म्हणूनच बहुतेक स्वार गट करून जातात आणि गाइड व त्याच्या गाडीचा खर्च वाटून घेतात. एकट्याने मनाला येईल तसं भटकण्याची कल्पना या टप्प्यावर बाजूला ठेवावी लागते.

दुसरी अडचण डोंगराची. एप्रिल २०१५च्या भूकंपानंतर काठमांडूहून तिबेटकडे जाणारा जुना कोदारीचा नाका बंद पडला आणि रसुवागढीचं महत्त्व वाढलं. ८ जुलै २०२५ रोजी भोटेकोशी नदीला आलेल्या पुरात रसुवागढीचा मैत्री पूलच वाहून गेला. दोन महिन्यांनी, ८ आणि ९ सप्टेंबरला नेपाळमध्ये तरुणांचं आंदोलन पेटलं, संचारबंदी लागली आणि भारत-नेपाळ सीमेवरची वाहतूकही काही दिवस विस्कळीत झाली.

चीनमध्ये शिरण्याची तारीख परवान्यावर छापलेली असते. दरडीमुळे आठवडाभर उशीर झाला, तर गाइड, मुक्काम आणि परवानग्या हे सगळं पुन्हा जुळवावं लागतं. दरडी मात्र परवाना बघून कोसळत नाहीत.

मध्य आशियात पोहोचल्यावर पुढची वाट मोकळी असते का?

चीनच्या काशगरमधून इर्केश्ताम किंवा तोरुगार्तचा नाका ओलांडला की किर्गिझस्तान लागतं. भारतीय स्वारांना हा टप्पा सर्वांत सोपा वाटतो. किर्गिझस्तान आणि उझबेकिस्तानचे ई-व्हिसा मिळतात. कझाकस्तानमध्ये भारतीयांना १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही.

पण मध्य आशिया आणि युरोप यांच्या मध्ये कॅस्पियन समुद्र आहे. कझाकस्तानच्या अक्ताऊ बंदरातून बोटीने अझरबैजान गाठायचं, तिथून जॉर्जिया आणि मग तुर्कस्तान, हा एके काळी स्वारांचा आवडता मार्ग होता. अझरबैजानने मार्च २०२० मध्ये कोविडचं कारण देऊन आपल्या सीमा बंद केल्या. त्यानंतर विमानाने येणाऱ्यांसाठी दार उघडलं, पण रस्त्याने येणाऱ्या सामान्य प्रवाशांवरची बंदी पुन्हा पुन्हा वाढवली गेली.

त्यामुळे कॅस्पियनला वळसा घालायला दोनच बाजू उरतात. उत्तरेकडून रशिया किंवा दक्षिणेकडून तुर्कमेनिस्तान आणि इराण. यातला एक देश फेब्रुवारी २०२२ पासून युद्धात आहे. दुसऱ्या देशावर २०२५ मध्ये हल्ले झाले. तुर्कमेनिस्तानचा व्हिसा मिळवणं हे स्वतंत्र दिव्य आहे.

रशियातून जाणारे स्वार बहुतेकदा आस्त्राखानच्या बाजूने कॉकेशस पर्वतात येतात आणि वेर्खनी लार्स नाक्यावरून जॉर्जियात उतरतात. हिवाळ्यात हिमस्खलनामुळे हा घाट अनेकदा बंद राहतो. रशियाचा ई-व्हिसा भारतीयांना मिळतो, पण तो ठरावीक नाक्यांवरच चालतो. म्हणजे व्हिसा आहे एवढं पुरत नाही, आत शिरण्याचा आणि बाहेर पडण्याचा असे दोन्ही नाके त्या यादीत असावे लागतात.

इराणबद्दल इतकी चिंता का?

इराण हा या प्रवासातला सर्वांत आवडता आणि सध्या सर्वांत जोखमीचा देश आहे. तिथल्या पाहुणचाराबद्दल बहुतेक स्वार भरभरून बोलतात. पण राजकीय वातावरणाचा फटका थेट प्रवाशाला बसू शकतो. मोटारसायकलवरून जगप्रवासाला निघालेल्या एका ब्रिटिश दांपत्याला जानेवारी २०२५ मध्ये इराणमध्ये ताब्यात घेण्यात आलं आणि त्यांच्यावर हेरगिरीचा आरोप ठेवला गेला. त्यांच्या कुटुंबीयांनी तो सुरुवातीपासून फेटाळला आहे.

१३ जून २०२५ रोजी इस्रायलने इराणवर हल्ले सुरू केले. भारताने 'ऑपरेशन सिंधू' राबवून आपल्या नागरिकांना बाहेर काढलं. पहिल्या तुकडीतल्या विद्यार्थ्यांना रस्त्याने आर्मेनियात नेऊन तिथून विमानाने आणण्यात आलं. अशा वेळी दुचाकीस्वार अडकला, तर त्याला गाडी तिथेच सोडून निघावं लागेल. आणि गाडी मागे राहिली की काय होतं, ते पुढे 'कार्ने'च्या हिशेबात दिसेल.

व्हिसाबाबतही एक गैरसमज पसरला होता. इराणने ४ फेब्रुवारी २०२४पासून भारतीयांना व्हिसामाफी दिली, ही बातमी खूप फिरली. ती सवलत फक्त विमानाने येणाऱ्यांना आणि १५ दिवसांपुरती होती. रस्त्याने किंवा बोटीने येणाऱ्याला व्हिसा लागतच होता. नोकरीच्या आमिषाने इराणमध्ये बोलावून भारतीयांचं अपहरण केल्याची प्रकरणं उघड झाली आणि २२ नोव्हेंबर २०२५ पासून ही सवलतही थांबली.

मग गाडी जहाजाने पाठवली तर?

अनेक जण आता तेच करतात. दुचाकी लाकडी पेटीत बांधून न्हावा-शेवा बंदरातून दुबईच्या जेबेल अली बंदरात पाठवली जाते आणि स्वार विमानाने जातो. तिथून बोटीने इराण किंवा रस्त्याने सौदी अरेबिया, कुवेत, इराकमार्गे तुर्कस्तान असे पर्याय आहेत. इराण टाळायचा असेल, तर दुसरा पर्याय उपयोगी पडतो, पण त्यात प्रत्येक देशाचा व्हिसा आणि इराकमधली सुरक्षा या दोन्हीचा विचार करावा लागतो.

गाडी थेट युरोपातल्या बंदरात पाठवणाऱ्यांना वेगळा फटका बसला. नोव्हेंबर २०२३ पासून हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले. अनेक कंपन्यांनी सुएझ कालवा सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. परिणामी भाडं आणि वेळ दोन्ही वाढले.

विमानाने गाडी पाठवता येते, पण ते महाग पडतं. पेट्रोलची टाकी जवळपास रिकामी करणं आणि बॅटरी सुटी करणं अशा अटीही पाळाव्या लागतात. जहाजाचं भाडं विचारताना एक खबरदारी घ्यावी लागते. सांगितलेला आकडा अनेकदा फक्त वाहतुकीचा असतो. पलीकडच्या बंदरातलं हाताळणी शुल्क, गोदामभाडं आणि कस्टम एजंटची फी वेगळी लागते. गाडी सोडवायला उशीर झाला, तर गोदामाचं मीटर रोज चालू राहतं.

'कार्ने' म्हणजे काय, आणि त्यात एवढे पैसे का अडकतात?

पासपोर्ट माणसाचा असतो. गाडीच्या पासपोर्टला 'कार्ने द पासाज' म्हणतात. परदेशी गाडी देशात आली आणि तिथेच विकली गेली, तर त्या देशाचा आयातकर बुडतो. तो बुडणार नाही, याची हमी म्हणजे कार्ने. १९५४च्या आंतरराष्ट्रीय करारावर ही पद्धत उभी आहे. भारतात मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही संस्था कार्ने देते.

कार्नेच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. देशात शिरताना कस्टम अधिकारी एक भाग कापून घेतो, बाहेर पडताना दुसरा, आणि तिसरा दोन्ही शिक्क्यांसह स्वाराकडे राहतो. कार्नेची मुदत साधारण एक वर्षाची असते. तो मिळवण्यासाठी बँक हमी किंवा अनामत ठेवावी लागते. ती रक्कम गाडीची किंमत आणि कोणकोणत्या देशांत जाणार यावर ठरते. काही देशांसाठी ती गाडीच्या किमतीपेक्षाही जास्त असू शकते. समजा, दुचाकी तीन लाखांची आहे आणि हमी दुप्पट मागितली, तर सहा लाख रुपये प्रवास संपेपर्यंत हात न लावता बाजूला राहतात. हा खर्च नव्हे, पैसे परत मिळतात. पण प्रवासाच्या बजेटमध्ये ते धरले नाहीत, तर निघण्याआधीच गणित कोलमडतं.

बाहेर पडतानाचा एक शिक्का राहिला, तर त्या देशाच्या दृष्टीने गाडी अजून आतच आहे. मग आयातकराची मागणी हमी देणाऱ्या संस्थेकडे येते आणि तिथून स्वाराच्या अनामतीवर. म्हणून नाक्यावर कितीही गर्दी असो, शिक्का बसला का, तारीख बरोबर आहे का, इंजिन आणि चासी क्रमांक जुळतात का, हे तिथेच पाहावं लागतं.

सगळीकडे कार्ने लागतोच असं नाही. युरोप, रशिया आणि मध्य आशियात तो सहसा मागत नाहीत, तिथे सीमेवर तात्पुरत्या आयातीचा कागद मिळतो. इराण, पाकिस्तान, इजिप्त, ऑस्ट्रेलिया यांसारख्या देशांत तो लागतो. गाडी भारतात परत आणताना ही आपलीच, इथूनच गेलेली गाडी आहे, हे दाखवायलाही तो कामी येतो.

गाडी चोरीला गेली किंवा मोडली तर?

इथेच कार्नेची खरी परीक्षा होते. महाराष्ट्रातून निघालेल्या एका स्वाराची दुचाकी २०२५ मध्ये इंग्लंडमध्ये चोरीला गेल्याच्या बातमीने अनेकांना हळहळ वाटली. अशा वेळी नुकसान फक्त गाडीचं नसतं. पासपोर्ट आणि कागदपत्रं गाडीच्या पेटीत असतील, तर तीही जातात. नवा पासपोर्ट दूतावासातून मिळू शकतो, पण जुन्या पासपोर्टवरचे पुढच्या देशांचे व्हिसा गेलेलेच असतात.

कार्नेवर आत आणलेली गाडी नाहीशी झाली, तर ती विकलेली नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी स्वारावर येते. त्यासाठी पोलिसांत लगेच तक्रार, तिची अधिकृत प्रत आणि कार्ने देणाऱ्या संस्थेला तत्काळ कळवणं, या तीन गोष्टी आवश्यक ठरतात. गाडी अपघातात भंगारात निघाली, तरीही तिथल्या कस्टमचा दाखला हवा. पासपोर्ट आणि कार्ने अंगावरच्या पाऊचमध्ये आणि प्रती ई-मेलवर ठेवण्याचा जुन्या स्वारांचा सल्ला यातूनच आला आहे.

भारतातला परवाना आणि विमा बाहेर चालतो का?

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आरटीओकडून मिळतो आणि तो एक वर्ष चालतो. भारत १९४९च्या जिनिव्हा करारात आहे, म्हणून त्या कराराच्या नमुन्यातला परवाना इथे दिला जातो. मूळ परवाना सोबत असेल, तरच त्याला अर्थ आहे.

विम्याबाबत मोठा गोंधळ असतो. भारतातली वाहन विमा पॉलिसी भारतापुरती असते. जादा हप्ता भरून ती नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका अशा मोजक्या शेजारी देशांपर्यंत वाढवता येते. त्यापलीकडे प्रत्येक सीमेवर स्थानिक विमा काढावा लागतो. युरोपात अनेक देशांना मिळून एकच विमा मिळतो. पण हा विमा बहुतेकदा समोरच्याच्या नुकसानीचा असतो. स्वतःची गाडी चोरीला गेली किंवा मोडली, तर त्यातून भरपाई मिळेलच असं नाही. प्रवासी आरोग्य विमा घेतानाही दुचाकी चालवताना झालेला अपघात त्यात धरला आहे का, आणि किती सीसीपर्यंत, हे बारीक अक्षरातलं कलम वाचणं गरजेचं आहे.

व्हिसाच्या तारखा कशा जुळवायच्या?

विमानाने जाणारा माणूस व्हिसा मिळाल्यावर पंधरा दिवसांत पोहोचतो. दुचाकीस्वार मे महिन्यात निघतो आणि ऑगस्टमध्ये युरोपच्या दारात येतो. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी अर्ज करता येतो. म्हणजे घाई केली तर अर्ज स्वीकारला जात नाही आणि उशीर केला तर निघण्याआधी पासपोर्ट हातात येत नाही. शिवाय सगळे व्हिसा एकाच पासपोर्टवर लागत असल्याने तो एका वेळी एकाच दूतावासात असू शकतो.

शेंगेन क्षेत्रात १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपने प्रवाशांचे चेहरे आणि बोटांचे ठसे घेऊन प्रवेश-निर्गमनाची डिजिटल नोंद टप्प्याटप्प्याने सुरू केली आहे. पूर्वी शिक्के मोजताना एखादा दिवस इकडेतिकडे होत असे. संगणक तशी सूट देत नाही. दुसरीकडे, शेंगेन व्हिसा हातात असला की तुर्कस्तानचा ई-व्हिसा मिळायला मदत होते. म्हणून अनेक जण आधी शेंगेन आणि मग वाटेतले देश असा क्रम लावतात.

पैसे, फोन आणि ड्रोनचं काय?

मार्च २०२२ पासून रशियाबाहेर दिलेली व्हिसा आणि मास्टरकार्डची कार्डं रशियात चालत नाहीत. इराणमध्येही आंतरराष्ट्रीय कार्डांचा उपयोग नाही. त्यामुळे या देशांसाठी रोख परकीय चलन लागतं. भारतातून एका प्रवासात साधारणपणे तीन हजार डॉलरपर्यंतच नोटा नेता येतात, पण इराण, रशिया आणि माजी सोव्हिएत देशांसाठी रिझर्व्ह बँकेच्या नियमांत जास्त सवलत आहे.

उपग्रह फोन आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारी उपकरणं भारतात परवानगीशिवाय बाळगणं हा गुन्हा आहे. ती सोबत घेऊन निघालेला माणूस देशाच्या सीमेवरच अडकू शकतो. ड्रोनवर अनेक देशांत बंदी किंवा कडक निर्बंध आहेत. लष्करी तळ, पूल, सीमाचौक्या यांचं चित्रीकरण तर कुठेच खपत नाही. हेल्मेटवरचा कॅमेरा नाक्याच्या आधीच बंद करून काढून ठेवणं, ही छोटी सवय मोठं संकट टाळू शकते.

मग नियोजनाची सुरुवात कुठून करावी?

पहिली पायरी, बंद नाक्यांची यादी. गुगल मॅप रस्ता दाखवतो, नाका कोणासाठी खुला आहे हे सांगत नाही. काही नाके फक्त स्थानिकांसाठी, काही फक्त मालवाहतुकीसाठी असतात. दोन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ पाहून मार्ग आखणं इथे घातक ठरतं. परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना, त्या त्या देशाच्या दूतावासाचं संकेतस्थळ आणि महिन्याभरात तिथून गेलेला प्रवासी, हे तीन स्रोत एकमेकांशी ताडून पाहावे लागतात.

दुसरी पायरी, सर्वांत ताठर तारीख पकडणं. चीनमार्गे जायचं असेल, तर तो प्रवेशाचा दिवस. जहाजाने जायचं असेल, तर गाडी बंदरात सुटण्याचा दिवस. बाकीचं वेळापत्रक त्याभोवती, आठ-दहा दिवसांचं अंतर राखून मांडावं लागतं.

तिसरी पायरी, परतीचे पैसे. प्रवास अर्ध्यावर थांबवावा लागला, तर गाडी जहाजाने किंवा विमानाने परत आणण्याचा आणि स्वतःच्या तिकिटाचा खर्च वेगळा ठेवणं आवश्यक आहे. या रकमेला हात लागला की स्वार धोका दिसत असूनही पुढे जात राहतो, कारण मागे फिरणं त्याला परवडत नसतं. घरच्यांकडे मार्ग, कागदपत्रांच्या प्रती आणि वाटेतल्या भारतीय दूतावासांचे क्रमांक असावेत. अडचणीत सापडलेल्या भारतीयांसाठी परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' हे पोर्टलही आहे.

चौथी पायरी, प्रवासाचे तुकडे करण्याची तयारी. नेपाळ आणि भूतान हे दोन देश स्वतःच्या दुचाकीवर, तुलनेने कमी कागदपत्रांत करता येतात. भूतानमध्ये भारतीय पर्यटकाला दर रात्रीसाठी १२०० रुपयांचं शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं, तेवढं लक्षात ठेवायचं. पुढच्या वर्षी विमानाने बिश्केकला जाऊन भाड्याच्या मोटारसायकलवर किर्गिझस्तान फिरता येतं. त्यात ना कार्ने लागतो, ना चीनचा गाइड. मुंबई ते लंडन अशी एकसंध रेषा त्यात जमत नाही आणि रीलला तेवढे लाइक्सही कदाचित मिळणार नाहीत. पण ज्याची वर्षभराची बचत पणाला लागते आणि ज्याच्या घरचे रात्री फोनची वाट पाहत बसतात, त्याच्यासाठी हा पर्याय जास्त व्यवहार्य आहे.

ज्यांना पूर्ण रेषाच काढायची आहे, त्यांच्यासाठी वाट अजून पूर्णपणे मिटलेली नाही. नेपाळ-चीनमार्गे किंवा बंदरातून निघून भारतीय स्वार आजही युरोप गाठतात. फक्त निघण्याच्या आदल्या आठवड्यात एखादा नाका बंद झाल्याची बातमी आली, तर दुसरा मार्ग, त्याचे व्हिसा आणि त्याचा खर्च आधीच तयार असला पाहिजे. २०२५ चा अनुभव पाहता, अशी बातमी येणार नाही असं गृहीत धरून निघणं शहाणपणाचं ठरणार नाही.